एका हाताने खेळता येईल असं

ताईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा सुयांपेक्षा तिला कंटाळ्याचाच त्रास जास्त झाला. चार तास पडून राहायचं आणि डावा हात हलवायचा नाही. मोबाइलवर सिरियल बघून बघून ती विटली. एकदा नारपोलीला तिच्या घरी परतताना रिक्षात म्हणाली, "मला गेमचं मशीन घेऊन दे. लहानपणी वज्रेश्वरीच्या जत्रेत घेतलेलं, तसं हातात धरायचं."

ते जत्रेतलं मशीन तिने मला कधी हातही लावू दिला नव्हता.

मी बरेच व्हिडिओ पाहिले. शेवटी दोन मशिनं उरली. एक जाडजूड आणि ताकदवान, त्यावर कॉम्प्युटरवरचे भारी गेमही चालायचे. दुसरं जुनं, चित्रं साधी, गेम मोजकेच. जो तो पहिल्याचीच तारीफ करत होता. माझंही तेच ठरलं होतं.

दुकानदारानेही तेच पुढे केलं. "दीदी, ये लो. इसमें सब चलता है."

ताईने डावा हात काउंटरवर पालथा ठेवला आणि उजव्या हाताने मशीन उचललं. मनगट लगेच वाकलं. अंगठा पलीकडच्या बटणांपर्यंत पोचेना. दुकानदार म्हणाला, "दोनों हाथ से पकड़ो ना."

"दुसरा हात कामात असतो माझा," ती म्हणाली. "एका हातानं चालंल असं कोणतं हाय?"

तो थोडा वेळ तिच्या त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने जुनं मशीन काढलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बटणांचे तुकडे सोडवले. पडदा काउंटरवर उभा केला, एक तुकडा तिच्या हातात दिला. तो हातात कलला की पडद्यावरची गाडी वळायची. ताई तीनदा भिंतीवर आदळली आणि म्हणाली, "हेच."

इतके व्हिडिओ पाहिले, पण तिच्यासारखा एक हात बाजूला ठेवून बघावं, हे मला सुचलं नव्हतं.

वॉर्डात शेजारच्या बेडवर एक चाचा असत, पूर्वी लूमवर कापड विणणारे. काही दिवस ते नुसते बघत राहिले. मग ताईनेच नर्सकडून दुसरा तुकडा त्यांना देवविला. त्यानंतर दोघांची रेस लागायची. चाचा जिंकले की मोठ्याने हसत; ताई चिडून म्हणे, "चाचा, रास्ता काटते हो तुम." घरी आली की डायलिसिसचं नाव नाही, चाचांनी कुठल्या वळणावर गाठलं तेच सांगायची.

पुढे चाचा आपल्या गावी गेले. तिकडेच उपचार घेतो म्हणाले. त्यांच्या जागी मी खेळायला बसते. परवा ताईने मध्येच गेम थांबवला.

"तू मुद्दाम हळू चालवतेस," ती म्हणाली. "चाचा नाही चालवायचे."

मी नाही म्हटलं, पण ते खरं होतं. पुढच्या रेसला मी तिला गाठलं, मागे टाकलं आणि जिंकले. ती तोंड वाकडं करून म्हणाली, "परत लाव."