वगळलेलं पान

"तू हात नको लावू."

सर एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. कीबोर्डकडे नेलेला माझा हात तसाच थांबला. माझ्या आधी नऊ पोरं त्या खुर्चीत बसून गेली होती. एकेकाने चार-पाच कमांड टाकल्या आणि उठला. शेवटी माझी पाळी आली होती.

मागून पंकज म्हणाला, "सर, बटना चिकट होतीन."

पोरं हसली. सरांनीही ओठ दाबला. मग म्हणाले, "तुझं इंग्लिश चांगलं आहे ना? तू पुस्तक वाच अन् यायले समजावून सांग. मशीन पोरं पाहून घेतीन."

मी खुर्चीतून उठले. "येस सर" म्हणाले.

मला राग आला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. मला लाज वाटली होती. स्वतःची.

आम्ही ढिवर. बाबा आरमोरीकडे, वैनगंगेवर आणि तलावांवर मासे धरायचे. मी लहानपणापासून चंद्रपूरला आत्याकडे. आत्या बाजारात मासोळी विकायची. तिच्या एका गिऱ्हाईक बाईने कॉन्व्हेंटच्या सिस्टरकडे शब्द टाकला आणि मी इंग्रजी शाळेत गेले. तिथे बारा वर्षं मी शेवटच्या बाकावर बसले. रोज निघताना हाताला लिंबू चोळायचे. कोणी काही बोलायच्या आत आपणच लहान होऊन जायचं, ही सवय तिथलीच. पंकजची आई दर रविवारी आत्याकडूनच मासोळी घ्यायची. म्हणजे खायला चालत होती.

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. तेव्हा आमच्याकडे चौकाचौकात कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. आमचा क्लास एका कापडाच्या दुकानावर होता. राऊटरचा कोर्स शिकवणारा त्या भागात तो एकच. राऊटर म्हणजे एका नेटवर्कमधली माहिती दुसऱ्या नेटवर्ककडे वाट दाखवून पाठवणारी पेटी. त्या पेटीची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असते. तिला ना माऊस, ना चित्रं. काळा पडदा, त्यावर नाव, आणि नावापुढे एक चिन्ह. कमांड टाइप करायची, तिने उत्तर द्यायचं.

त्या सिस्टिमला दोन दारं आहेत. पहिल्या दारात नुसतं बघता येतं. काही बदलता येत नाही. दुसऱ्या दारात सगळं करता येतं. जोडता येतं, तोडता येतं, नाव बदलता येतं. दुसऱ्या दारासाठी पासवर्ड लागतो.

परीक्षा नागपूरला होती. तिथे स्क्रीनवर राऊटर देतात आणि कमांड टाकून जोडणी करून दाखवावी लागते. नुसत्या पाठांतराने तो प्रश्न सुटत नाही. बोटांना सवय लागते. आमच्या घराला परीक्षेची फी एकदाच भरणं शक्य होतं. नापास झाले असते तर परत आरमोरी, आणि तिथे माझ्यासाठी पाहून ठेवलेलं स्थळ.

तरी मी तीन महिने वाचत राहिले. फळ्याजवळ उभी राहून माझ्या जाडजूड इंग्रजी पुस्तकातला एकेक परिच्छेद वाचायचा, मराठीत सांगायचा. मी सांगायचे, ते टाइप करायचे. मी त्यांच्या चुका वहीत लिहायचे. पंकज पोर्टला, म्हणजे वायर जोडायच्या जागेला, पत्ता द्यायचा आणि पोर्ट चालू करायचं विसरायचा. तीनदा विसरला. सर अडले की प्रश्नचिन्ह दाबायचे. ते दाबलं की पुढे काय टाकता येईल त्याची यादी येते. सर फार वेळा अडायचे. त्यांनी स्वतःची परीक्षा बाजारात मिळणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या कागदांवर काढली होती, तीही स्क्रीनवर राऊटर यायला लागायच्या आधी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते यादी कशी वाचतात त्यावरून कळत होतं.

दुसऱ्या दाराचा पासवर्ड टाकायची वेळ आली की पोरं हसायची. टाकणारा आधी माझ्याकडे बघायचा, मग टाकायचा. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर उमटत नाही. मी एकदा विचारला.

सर म्हणाले, "तुले काय करायचा आहे पासवर्ड? तुले तं बसायचंच नाई."

मग नागपूरच्या मुख्य ऑफिसचे साहेब तपासणीला येणार असं ठरलं. त्यांना दाखवायला फाईल हवी होती. सरांनी राऊटरची सगळी मांडणी, म्हणजे त्यात साठवलेल्या कमांड, छापून काढली आणि तो कागदांचा पट्टा माझ्या हातात दिला. एकेका ओळीचा अर्थ चांगल्या इंग्रजीत लिहून दे म्हणाले. मी जिन्याजवळच्या बाकावर बसून लिहायला लागले. वर मशीनचं नाव होतं. त्याच्याखाली दोन ओळी सोडून पासवर्डची ओळ होती.

sadkimasoli.

रोमन अक्षरात, एकसलग. सडकी मासोळी.

खरं सांगते, मला आधी त्यांची चूक दिसली. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की पासवर्ड ठेवायच्या दोन कमांड आहेत. एक जुनी, तिच्यात पासवर्ड जसाच्या तसा छापला जातो. दुसरी नवी, तिच्यात तो ओळखू येत नाही. मीच ते वाचून दाखवलं होतं. सरांनी तरी जुनीच वापरली होती, आणि छापलेला कागद स्वतःच्या हाताने मला दिला होता.

मग मला शब्द दिसला.

तीन महिने. रोज दहा-बारा वेळा. दहा माणसांनी. मी फळ्याजवळ उभी, त्यांना त्यांची परीक्षा समजावून सांगत, आणि ते मला ती शिवी देऊन दार उघडत होते. माझ्या समोर. मला न कळता.

लाज तिथेच संपली. तिच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही.

संध्याकाळी आत्याला सांगितलं. ती टोपली घासत होती. घासणं थांबलं नाही.

"मी आजवर कोनाले सडकी मासोळी इकली नाई," ती म्हणाली. "त्या पंकज्याच्या मायले इचार. पाव किलोसाठी अर्धा घंटा भाव करते, मंग बोटं चाटते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काय करशीन?"

"माहीत नाही."

"माहीत कर."

दुसऱ्या दिवशी धडा आला तो पासवर्ड विसरल्यावर काय करायचं याचा. मी शीर्षक मनात वाचलं. खाली पहिलंच वाक्य असं होतं की ही युक्ती दुरून होत नाही, मशीनजवळ प्रत्यक्ष उभं राहावं लागतं. ज्याचा हात मशीनपर्यंत पोचतो तो तिचा कुठलाही पासवर्ड मोडू शकतो. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मला मशीनपासून लांब ठेवणाऱ्यांनी हे पुस्तक वाचलं नव्हतं. तरी त्यांना ते माहीत होतं. त्यांच्या बापांनाही माहीत असणार.

मी ते पान आणि त्याच्यामागचं पान एकत्र धरून उलटलं. "पुढचा धडा," म्हणाले.

कोणाच्या लक्षात आलं नाही. पुस्तक फक्त मीच वाचत होते.

तपासणी सोमवारी होती. रविवारी दुपारी सरांनी मला बोलावून घेतलं. "लॅब झाडून-पुसून घे. पोरायले ते जमत नाई." चावी दिली आणि ते जेवायला गेले. झाडायला माझा हात चालत होता.

मी आधी खरंच झाडलं. मग खुर्चीत बसले. पहिल्यांदा.

राऊटर बंद केला, चालू केला. पहिल्या साठ सेकंदांत दोन बटणं एकदम दाबायची असतात. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा मशीन अर्ध्यातच थांबली आणि माझ्या कमांडची वाट बघू लागली. एक आकडा बदलला. आता ती उठताना आपली साठवलेली मांडणी वाचणार नव्हती, म्हणजे पासवर्डही विचारणार नव्हती. ती उठली. दुसरं दार उघडं होतं. आत गेल्यावर जुनी मांडणी परत आणली, नव्या कमांडने माझा पासवर्ड ठेवला, आकडा पूर्ववत केला. पोर्ट बंद पडले होते. ते चालू केले. पंकज विसरला असता. शेवटी सगळं साठवलं.

सरांची जुनी पासवर्डची ओळ मी पुसली नाही. नवी कमांड असली की जुनी चालत नाही, पण मांडणीत राहते. उद्या ते नाकारतील तर दाखवायला हवी होती.

सोमवारी साहेब आले. हार, चहा, फाईल. साहेबांनी माझं इंग्रजी वाचून मान डोलावली. मग म्हणाले, "चलो, डेमो दिखाओ."

सर बसले. दुसऱ्या दाराशी आले. पासवर्ड टाकला. नाही. परत टाकला. नाही. तिसऱ्यांदा सावकाश, एकेक अक्षर दाबून. मशीनने तिसऱ्यांदाही बाहेर ठेवलं. पंकज पुढे झाला. त्यालाही नाही. सरांनी प्रश्नचिन्ह दाबलं. यादी आली. त्या यादीत उत्तर नव्हतं.

"सर, पासवर्ड मी बदलला," मी म्हणाले.

सगळे वळले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"काऊन?" सर म्हणाले.

"आधी जुना काय होता ते साहेबांना सांगा."

"साहेब, ते असंच... पोरायची मजाक होती."

"शब्द सांगा, सर. तीन महिने हसून टाकत होते. आता तोंडाने सांगा."

साहेबांनी विचारलं, "क्या था?"

पंकज जमिनीकडे बघत होता. मी छापलेला कागद बॅगेतून अर्धा बाहेर काढला. सरांना तो दिसला. मग त्यांनी सांगितलं. खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू गेलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

साहेबांनी घसा साफ केला. "ठीक है. हो गया जो हो गया. बेटा, अब खोल दो."

ते सरांना माफी मागायला लावतील असं मला क्षणभर वाटलं होतं. त्यांना फक्त डेमो हवा होता. त्यांच्या डोळ्यांत मला ते दिसलं आणि बरं झालं, कारण मलाही माफी नको होती.

"परीक्षेपर्यंत रोज दोन तास मशीन मला," मी म्हणाले. "एकटीला. फळ्यावर लिहा. मग उघडते."

"हे ब्लॅकमेल आहे," सर म्हणाले.

"हो."

त्यांनी लिहिलं. साहेबांसमोर, खडूने, माझ्या नावासकट. मी उघडलं. त्या दिवसानंतर मी त्यांना एक ओळही वाचून दाखवली नाही. पुस्तक घरी नेलं. ते माझं होतं.

परीक्षा पास झाले. आमच्या बॅचमधून तिघं झालो. पंकजही झाला. न्याय वगैरे काही झाला नाही.

आठवड्याने सर पेढे घेऊन आत्याच्या दारात उभे राहिले. "बेटा, तुझा एक फोटो दे. चौकात फ्लेक्स लावून राह्यलो. पहिली मुलगी आहेस तू आमच्या क्लासची."

आत्याने त्यांना पाणी दिलं. पेढ्याचा पुडा जिथे ठेवला होता तिथेच राहू दिला.

"फोटो मिळणार नाही," मी म्हणाले.

"जुनं धरून काऊन बसली? एवढी शिकलेली पोरगी तू."

"शिकले म्हणूनच."

फ्लेक्स लागला. दोन फोटो होते. माझ्या ओळखीच्यांनी विचारलं, तुझा कुठे आहे. मी नाही दिला म्हणून सांगितलं, आणि का तेही सांगितलं. ज्याने विचारलं त्याला, तो शब्द उच्चारून.

आज मी दोन जिल्ह्यांतल्या ऑफिसांची नेटवर्क सांभाळते. वरोऱ्यापासून सिरोंचापर्यंत. लोक म्हणतात, विसरून जा, तेव्हा ते सगळे लहान होते. सर लहान नव्हते. आणि मीही त्याच वयाची होते.

मी माफ केलेलं नाही. करणार नाही. या लिखाणात सरांचं नाव नाही, क्लासचं नाही, पंकजचं आडनाव नाही. ते घाबरून वगळलेलं नाही. ती सगळी मला पाठ आहेत. यांच्यापैकी एकाने जरी कुठे चारचौघांत म्हटलं, "आमच्याकडे तं असं काही होत नाई," तर मी हेच पुन्हा लिहीन. तेव्हा नावं घालीन.