फ्रीझरमधून परत आलेलं अक्षर

मंडळी, आज आमच्या घरात भूत निघालं. तेही फ्रीझरमधून.

गेल्या वर्षी बायको गेली. तिच्या हातचं शेवटचं अक्षर म्हणजे लोणच्याच्या बरणीवर चिकटवलेली चिठ्ठी: ‘यांना देऊ नये. बीपी.’ आज दुपारी मी ती बरणी गच्चीवर उन्हात ठेवली. थोड्या वेळाने पाहतो तर चिठ्ठी कोरी! रायपूरच्या उन्हाने तिचं अक्षरच पुसून नेलं. बरणी धरून मी जिन्यातच बसलो.

मुलगी म्हणाली, "बाबा, काहून रडून राहिले? आईनं माझा तो घासून मिटवायचा पेन घेतला होता. त्याची शाई गर्मीनं जाते, घासल्याच्या असो की उन्हाच्या, थंडीत वापस येते. फ्रीजर में रखो."

संस्कृतात पुनर्जन्माबद्दल पुष्कळ वाचलं, पण तो बर्फाशेजारी होतो हे कुठेच नव्हतं.

संध्याकाळी बरणी काढली. अक्षर फिकट निळं, पण तिचंच. आणि त्याच्या वर आणखी एक ओळ, तिने आधी लिहून घासून टाकलेली, मी कधीच न पाहिलेली: ‘रविवारी एक फोड द्यावी.’

आज रविवार आहे. बरणी समोर आहे. सांगा, तिचं कुठलं ऐकू?