उजवा कौल

बोलायची सवय मला मुळातच कमी. त्यातून ही गोष्ट अशी, की बायकोलाही उशिराच सांगितली. आता लिहूनच टाकतो.

बेळगावात शिकत होतो तेव्हा होस्टेलवर एक खेळ शिकलो. चारपाच जणांनी बसायचं. एकानं गोष्ट सांगत न्यायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. राक्षसाला भिडायचं की पळायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासे सांगणार. नियमांचं पुस्तक इंग्रजी, त्यात किल्ले आणि ड्रॅगन. चाळिशीत माझ्या गावी, कुंभारवाड्याला, परत आलो आणि इथं दोघा-तिघांना खेळ शिकवायला बसलो, तेव्हा किल्ला काही कुणाच्या डोळ्यांपुढे येईना. मग मी स्वतःची वही केली. किल्ल्याच्या जागी काळी नदीचं खोरं, तलवारीच्या जागी कोयता, जादूगाराच्या जागी भगत. जखमी माणसानं कोनफळ भाजून खाल्लं की त्याची ताकद परत यायची. आमच्यात सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या. त्या म्हणाल्या, "कोनफळानं माणूस उठतो तर मी सकाळपासून गोळ्या कशाला वाटतेय?" दुसरा माझा लहानपणापासूनचा मित्र, लाईनमन. गावच्या म्होरक्याला आमच्यात बुदवंत म्हणतात. गोष्ट मी सांगायचो म्हणून हे लोक मला थट्टेनं बुदवंत म्हणू लागले. रविवारी दुपारी नर्सबाईंच्या क्वार्टरच्या पडवीत आम्ही बसायचो.

वहीतला माझा लाडका नियम कौलाचा. आमच्या देवळात पुजारी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कधी तासभर बसलं तरी एकही पडत नाही. देव बोलत नाही म्हणायचं आणि मुकाट घरी जायचं. खेळात असं घरी जाऊन कसं चालेल? म्हणून मी दोन फासे घेतले, एक उजवा, एक डावा. ज्याचा आकडा मोठा, तो कौल. बरोबरी झाली तर पुन्हा टाकायचे. उत्तर मिळालंच पाहिजे, असं मी वहीत अधोरेखित केलं होतं. गाऱ्हाण्याचे शब्द मात्र पुजाऱ्याचे, ऐकून जसेच्या तसे उतरवलेले. फासे मी उभ्या पुठ्ठ्याआड टाकायचो. सांगणाऱ्याला तेवढी मुभा असते. सगळंच दिसलं तर भीती उरत नाही.

पुढे एका वर्षी लाईनमनचे वडील दिग्गी गावाच्या वरच्या रानात हरवलेली म्हैस शोधायला गेले. म्हैस तिसऱ्या दिवशी आपली आपण आली. ते आले नाहीत. गावानं रान विंचरून काढलं, तेव्हा कोयता अडकवायची कमरेची आकडी तेवढी सापडली. जाणते म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्या, जीव अडकवून ठेवू नका. त्याची आई तयार होईना. देवळात दोनदा कौल लावला. दोन्ही वेळा पाकळी हलली नाही.

नंतरच्या एका रविवारी तो खेळायला आला. आपला कोयता, आपलं पात्र, काही मांडलं नाही.

"बुदवंता, कौल लाव. माझा बा हाय का न्हाई, येवढंच इचार."

नर्सबाई हळूच म्हणाल्या, की हे इथं नको. त्यानं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"देवाला गप ऱ्हायची सोय हाय. तुझ्या वहीत ती न्हाई न्हवं?"

त्याच क्षणी वही मिटायला हवी होती. मी गाऱ्हाणं घातलं. तो "व्हय म्हाराजा" म्हणाला, खऱ्या देवळात म्हणतात तसा. फासे टाकले आणि थांबायच्या आत त्यांच्यावर तळहात ठेवला. म्हणालो, "उजवा."

पुतळा झाला नाही. चार वर्षं त्याच्या आईनं कुंकू लावलं. चार वर्षं तो सुट्टीचा दिवस रानात घालवत राहिला; दुसऱ्या वर्षी कड्यावरून घसरला, तेव्हापासून लंगडतो. खेळ आपोआप बंद पडला. रस्त्यात भेटला की तो म्हणायचा, "उजवा हाय न्हवं," आणि मी मान हलवायचो.

यंदा भातकापणी झाल्यावर त्याच्या घरी गेलो. तो अंगणात वायर गुंडाळत होता. उभ्या उभ्याच सांगितलं, की मी खोटं बोललो होतो.

"डावा पडला व्हता?"

"बघितलाच न्हाई."

त्यानं वायरचं वेटोळं खाली ठेवलं. "डावा पडला आसता आन् तू खोटं बोलला आसतास, तर माझ्यासाठी बोललास म्हनलो आसतो," तो म्हणाला. "बघायचं तरी व्हतंस." मग परसाकडे हात केला. "आता तिला तूच सांग."

आई परसात कोनफळांची माती झाडत बसली होती. मी फासे, पुठ्ठा, तळहात, सगळं सांगितलं. म्हातारी रागावेल, रडेल, अशी मनाची तयारी करून गेलो होतो. तिनं हातातलं कोनफळ बाजूला ठेवलं.

"व्हय? मग सांजच्याला मागल्या दारी तांब्यातलं पानी पिऊन जातंय, ते कोन म्हनायचं?"

मागोमाग आलेल्या मित्राकडे मी बघितलं. त्याचा चेहरा पाहून कळलं, की हे त्यालाही आजच कळतंय. दिवस कलत आला होता. "बस की वाईच," ती म्हणाली. "यायची येळ झालीच हाय. बघूनच जा."

मी पुढच्या दारानं निघालो. उंबऱ्यापर्यंत वाटत होतं, तो हाक मारील. त्यानं मारली नाही.

पळसाची पानं त्यानं त्यानंतर दोनदा आणली. दोन्ही वेळा ती पडवीत वाळून गेली. नर्सबाई आईचं बीपी बघायला त्या घरी जातात. त्यांनीच परवा सांगितलं, संध्याकाळचा तांब्या आता तोच भरून ठेवतो.