अक्काचं वाकडं बोट

वेगवान गोलंदाजीलाही अक्का स्टंपांना नाक लावून उभी राहायची. बॅट तिच्या तोंडासमोरून फिरे. बघणारे दचकत, ती पापणीही हलवत नसे. ती माझी चुलत बहीण, बेंगळूरच्या चिकपेटेतल्या कापडवाल्यांची मुलगी. दुकानात माळ्यावरून टाकलेले कापडाचे ताके ती लहानपणापासून हवेतच झेलायची. "चेंडू म्हणजे काय रे, स्वल्प वजन," असं म्हणायची.

तिचे वडील, माझे थोरले काका, त्यांना सगळे अण्णाच म्हणत. ती कॉलेजच्या मैदानावर खेळते हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "दुकानात झेल म्हटलं, तर ही गावभर झेलत सुटली!" पुढे बेंगळूरच्या मुलींचा एक संघ सिलोनला निघाला आणि यष्टिरक्षक म्हणून अक्काची निवड झाली. अण्णांनी साफ नकार दिला. अक्का म्हणाली, "तुम्ही नको म्हणा अण्णा, पण मी जाते." आमच्या घरात असं कोणी बोललं नव्हतं. अण्णांनी तिला अडवलं नाही, पण बोलणं टाकलं.

तिकडे तीन सामने झाले. तिसऱ्यात झेल घेताना तिची करंगळी मोडली. ती शेजारच्या बोटाला बांधून अक्का शेवटपर्यंत उभी राहिली, हे तिच्या मैत्रिणींनी सांगितलं.

संघ परतला त्या सकाळी आम्ही स्टेशनवर गेलो. न बोलणारे अण्णाही आले, हार घेऊन. अक्का उतरली ती निळ्या कोटात, खिशावर संघाचं चिन्ह. अण्णांनी हार वर केला तोच संघाचे सेक्रेटरी मध्ये आले. "कोट द्या अम्मा. पुरुषांच्या क्लबाकडून मागून आणलेत." फलाटावरच एकेक कोट काढून घेतला. मोडक्या बोटामुळे अक्काची बाही निघेना, तर त्यांनीच ओढली.

"मग पुढचे सामने कधी, सर?" अक्काने विचारलं.

ते हसले. "सामने? मदुवे यावाग, ते सांगा!" म्हणजे लग्न कधी.

अण्णांनी हार तिच्या गळ्यात घातला.

करंगळी वाकडी जुळली. स्थळं यायला लागल्यावर काकूने ठरवलं, दारात चेंगरली असं सांगायचं. अण्णांनीही मान डोलावली. मुलगी दाखवायच्या दिवशी मुलाच्या आईने अक्काचा हात हातात घेतला आणि थांबली. "बोटाला काय झालं हो?"

काकू तोंड उघडणार, तोच अण्णा म्हणाले, "देशासाठी खेळताना मोडलं. क्रिकेट."

काकूच्या हातातली बशी खाली पडली. मुलाचे वडील म्हणाले, "क्रिकेट? मुलगी?"

"होय. विकेटकीपर."

खरं तर तेव्हा बायकांचा देशाचा संघच नव्हता. अक्का गेली होती ती इथल्या मुलींबरोबर. आकड्यात किंवा शब्दात चूक दिसली की मला राहवत नाही, पण त्या दिवशी मी गप्प बसलो. पाहुणे केसरीभात तसाच टाकून उठले.

"आता हिला कोण करणार?" काकू रडू लागली.

"ऐकून उठणार नाही तो," अण्णा म्हणाले.

अक्काची कारकीर्द तीन सामन्यांची. ती खेळ सोडून गेली नाही. चौथा सामना कोणी ठेवलाच नाही.

अशी आणखी तीन स्थळं अण्णांनी घालवली. मग दावणगेरेचा एक शाळामास्तर आला. अण्णांनी त्यालाही बोटाचं सांगितलं. तो जरा पुढे सरकला आणि थेट अक्कालाच म्हणाला, "आणि झेल? सुटला की राहिला?"

"राहिला," अक्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

इतक्या दिवसांत हे तिला घरातल्या कोणीच विचारलं नव्हतं.