कोरड्या अंगणातली काठी

हे लिहायचं दरवर्षी टाळतो. कोरड्या घरात माणूस पुरानं मेला, असं सांगितलं की लोक हसतात.

भूपालमामा. माझ्या आईचा थोरला भाऊ. गाव नृसिंहवाडीच्या अलीकडं, नदीकाठी.

मी कुठंच टिकत नाही म्हणून मला भाचा म्हणायचाच नाही. "या पावणं, आज कुठनं हाकललं?"

२००५ चा पूर आला तेव्हा मी गगनबावड्याला एका हॉटेलात कपबश्या धूत होतो. तिथलं धुकं म्हणजे, गिऱ्हाईक आवाजावरनं ओळखायचं. असो.

पुरात आमच्याकडं पाण्याच्या कडेला काठी रोवतात. पाणी काठीच्या पुढं सरकलं की समजायचं, चढतंय. मग ती उपटून घराच्या अंगाला रोवायची.

मामानं तेच केलं. काठी उंबऱ्याला टेकली तेव्हा नाव आली आणि मामा-मामीला घेऊन गेली.

पूर ओसरला. मी चिखल काढायला गेलो तो तिथंच राहिलो. भिंती धुतल्या. जमीन सारवली. अंगण वाळलं.

आणि एका सकाळी अंगणाच्या टोकाला काठी.

दुसऱ्या दिवशी थोडी अलीकडं.

मला वाटलं पोरांचा खेळ.

"मामा, ही काठी कोण हलवतंय?"

"मीच की. पाणी चढतंय."

"कुठाय पाणी? ऊन पडलंय."

त्यानं माझा हात धरून आपल्या छातीवर दाबला. "हितं बघ."

आत भिंतीवर लाटा आपटाव्यात तसं चाललेलं. मधेच थांबायचं. मग परत.

पुरानंतर गावात लागलेल्या आरोग्य कॅम्पातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "पूर गेला, पण ह्यांच्या शरीराला ते अजून पटलेलं नाही. धास्तीचा ताण हार्टवर येतोय. पुरानंतर असे पेशंट येतातच. कोल्हापूरला न्या, उशीर नको."

मामा म्हणाला, "आणि मी गेल्यावर काठी कोण हलवणार?"

मामी भाकरी थापत होती. "माझ्यापक्षा काठीवरच जीव हाय ह्यांचा. तिलाच घेऊन झोपा."

आम्ही हसलो. मामा नाही.

काठी पायरीपर्यंत आली तशी मी जीप ठरवली.

"उद्या जाऊ की," मामा म्हणाला.

सकाळी जीप दारात. लख्ख ऊन.

काठी घरात होती. खाटेच्या पायाशी, सारवलेल्या जमिनीत रोवलेली.

मामा खाटेवर. पाय पोटाशी ओढून घेतलेले.

उशाशी त्याच्या चपला. वाहून जाऊ नयेत म्हणून वर घेतलेल्या.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. मामीनं काठी उपटली आणि चुलीत घातली.

आज तोच दिवस.

मामा, पाणी उतरलंय. आता पाय खाली सोड.

पोस्ट करणार एवढ्यात माझ्या इथल्या, शहरातल्या खोलीचं दार वाजलं.

मामी. फोन नाही, सांगावा नाही. मामा गेल्यापासनं गावाची वेस न ओलांडलेली बाई, एकटी, एसटीनं.

चपला हातात धरून उभी आहे. जिना कोरडा आहे.

"छातीत धडधडतंय रं सकाळपास्नं. मी उद्या म्हणणार न्हाय. दवाखान्यात ने."

थांबतो. रिक्षा बघतो.