भोंगाभाऊंचा आरटीओ

विषय : कै. रामदास ऊर्फ भोंगाभाऊ, राहणार धुळे, धंदा रिक्षावरून जाहिरात पुकारणे, यांच्याबाबत खरी हकिकत.
काळ : कपाशीच्या पहिल्या वेचणीपासून पुढच्या वर्षीची तूर शेंगेला येईपर्यंत.
ठिकाण : धुळे येथील कचेरीच्या आवारातील माझे टेबल, तसेच शिरपूरच्या पलीकडे भोंगाभाऊंच्या आईचे घर.
साक्षीदार : (१) आवारातील चहावाला आत्माराम, (२) भोंगाभाऊंची वहिनी, (३) आरटीओ कार्यालयाबाहेर झाडाखाली बसणारा एक एजंट.
लिहून देणार : मी, अर्ज लिहिणारा, शिक्षण नववी, अनुभव सव्वीस वर्षे.
गैरअर्जदार : (जागा कोरी.)

भोंगाभाऊंना कर्ण्याची गरज नव्हती. रिक्षाच्या टपावर त्यांनी कर्णा बांधला होता तो केवळ लोकांना दिसावा म्हणून. पाचकंदिलाच्या चौकात त्यांनी 'साड्यांचा महासेल' पुकारला की कचेरीच्या आवारात माझ्या हातातील पेन थांबत असे. एकदा मी वारसाचे प्रतिज्ञापत्र लिहीत होतो आणि 'दोन मुलगे' याच्यापुढे 'एकावर एक मोफत' असे लिहून गेलो. स्टॅम्पपेपर वाया गेला. मी त्यांना जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, "रायटरसाहेब, चूक माझी नाही. तुमच्या कागदाला आवाज नाही, म्हणून त्यात माझा शिरला."

त्यांचा एक नेम होता. साड्या, सर्कस, भांड्यांचा सेल, हे सारे ते एकदाच बोलून मेमरी कार्डात भरून ठेवत आणि दिवसभर तेच वाजवत. परंतु कोणाचे मूल बाजारात हरवले, तर कार्ड बंद करून स्वतः पुकारायचे आणि मोबदल्याचा विषय निघू द्यायचे नाहीत. "हाक म्हणजे टपाल असते साहेब," असे ते म्हणत. "ज्याच्या नावाची, त्याच्याच कानात पडली पाहिजे. कार्डाला कान माहीत नसतो."

माझे मत याच्या उलट होते, आणि ते मी त्यांना वारंवार ऐकवले आहे : तोंडी बोलण्याला किंमत नसते, कागद लागतो. ते हसून चुना मळत. खिशात पुडी आणि गालात तंबाखू, यांशिवाय मी त्यांना कधी पाहिले नाही.

दर सोमवारी ते शिरपूरच्या पुढे, आपल्या गावी, आईकडे जात. आई दोन्ही डोळ्यांनी आंधळी. भाऊ-वहिनींजवळ राहायची. भोंगाभाऊ विधुर, मूलबाळ नाही. जे काही होते ते ही आई. गल्लीच्या तोंडाशीच ते आल्याची हाक देत, "माय वं, मी उनू!" आणि म्हातारी ओट्यावरून उठून उभी राही. वहिनी सांगते, की या हाकेने शेजारच्या गल्लीतले बैलही माना वळवत.

त्या दिवाळीला म्हातारीला त्यांच्या तोंडाचा तंबाखूचा वास आला आणि ती संतापली. "एक दिन तुन्हं तोंड बंद पडी!" असे ती सणाच्या दिवशी बोलून गेली. भोंगाभाऊंनी नेहमीप्रमाणे थट्टेवारी नेले. "माय, मन्हं तोंड बंद पडनं ते धुयाना बठ्ठा बाजार बंद पडी!"

तोंड उन्हाळ्यात बंद पडले. धुळ्याचा सगळा बाजार मात्र चालू राहिला. जळगावच्या मोठ्या दवाखान्यात त्यांच्या गळ्यातील स्वरयंत्र काढले आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवले. त्यावर ते पांढरे फडके बांधत. खिशात पुडीच्या जागी डायरी आली, आणि तिला दोऱ्याने बांधलेले पेन. जन्मभर कागदाला हसणारा माणूस कागदावर आला. तेव्हा मला मनातून बरे वाटले होते, हे मी येथे नमूद करतो.

दुकानदारांकडे त्यांच्या आवाजाची कार्डे तशीच होती. दुसऱ्याच कोणाच्या रिक्षातून तोच महासेल शहरभर फिरत राहिला. एके दिवशी भोंगाभाऊ आत्मारामच्या टपरीवर ग्लास धरून उभे असताना रस्त्यावरून त्यांचाच आवाज गेला : "बहिणींनो, उशीर करू नका!" आत्माराम ओरडला, "ओ भोंगाभाऊ, तुम्ही इथं चहा पिताय, मग तिकडं रिक्षात कोण बसलंय?" दुसरा कोणी म्हणाला, "भाऊंची बॅटरी उतरली, पण कार्ड चालू शे!" सगळे हसले. मीही हसलो. भोंगाभाऊ रिक्षा वळेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले. चहा तसाच ठेवून गेले.

आईला ऑपरेशनचे सांगायचे नाही, अशी ताकीद त्यांनी भावाला आणि वहिनीला लिहून दिली होती. सांगितले तर म्हातारी म्हणेल, माझाच शाप लागला. म्हणून ते सोमवारी जात, तिच्याजवळ बसत, तिचा हात हातात घेत आणि गप्प राहत. म्हातारी हात ओळखत असे. हात ओळखीचा आणि तोंडातून शब्द नाही, याचा तिने एकच अर्थ काढला : पोरगा दिवाळीचे बोलणे मनात धरून रुसला आहे. एका सोमवारी भोंगाभाऊंनी युक्ती म्हणून मोबाइलवर आपल्या जुन्या आवाजाची साड्यांची जाहिरात तिच्या कानाशी लावली. तिने सगळी ऐकून घेतली. मग वहिनीकडे तोंड करून म्हणाली, "मन्हा पोऱ्या बठ्ठा गावले हाका मारस. माले नही."

त्यानंतर त्यांनी ते यंत्र मागवले. हातात मावणाऱ्या विजेरीसारखे असते. गळ्याला लावून ओठ हलवले की घरघरत्या आवाजात शब्द उमटतात. दवाखान्यात त्यांनी ते पाहिले होते. धुळ्यात मिळेना, म्हणून मोबाइलवरून ऑर्डर केले. डायरीत मला लिहून दाखवले, "आईला सांगेन घसा बसलाय. गल्लीच्या तोंडाशी चारच शब्द बोलायचेत."

ऑर्डरचे मेसेज इंग्रजीत येत. ते वाचून घेण्यासाठी भोंगाभाऊ रोज माझ्या टेबलाशी येऊ लागले. मी त्यांना कचेरीच्या रीतीने समजावले : "स्टेटस म्हणजे शेरा. 'कन्फर्म्ड' म्हणजे अर्जाची आवक झाली. 'शिप्ड' म्हणजे जावक झाली. 'आउट फॉर डिलिव्हरी' म्हणजे शिपाई कागद घेऊन निघाला." त्यांनी लिहिले, "शिपाई निघाला म्हणजे पोचला का?" मी म्हणालो, "ते शिपायावर आहे." त्यावर ते हसले. त्यांचे हसणे आता फक्त फडक्यावर दिसत असे. फडके आत-बाहेर व्हायचे.

शिपाई निघाल्याचा शेरा आला त्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून दारात बसले. फोन वाजला. "पार्सल आहे, गल्ली कोणती?" भोंगाभाऊंनी नखाने फोनवर टकटक केले. पुन्हा, "हॅलो? कोण चेष्टा करतंय?" फोन बंद. उलट मेसेज पाठवला, तो त्या नंबरवर जाईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन आत्मारामच्या हाती देऊन त्याला टपरी सोडून दारात बसवले, तर फोनच आला नाही. संध्याकाळी शेरा आला : 'कस्टमर नॉट रिस्पॉन्डिंग'. ग्राहक उत्तर देत नाही.

त्यांनी कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला आणि मला ऐकवायला स्पीकर चालू केला. यंत्रातली बाई गोड मराठीत म्हणाली, "कृपया आपली तक्रार एका वाक्यात सांगा." भोंगाभाऊंनी फोन उचलून गळ्याच्या फडक्याशी धरला. श्वासाचा आवाज झाला. बाई म्हणाली, "माफ करा, आपला आवाज ऐकू आला नाही. हा कॉल समाप्त होत आहे."

त्या वेळी मी दोन वाक्ये बोललो असतो तर काम झाले असते. मी म्हणालो, "भाऊ, तोंडी तक्रारीला किंमत नसते."

तिसऱ्या दिवशी मेसेज आला : 'आरटीओ इनिशिएटेड'. भोंगाभाऊंनी लिहिले, "म्हणजे?" मी मेसेज पुन्हा वाचण्याचीही तसदी घेतली नाही. आरटीओ म्हणजे काय, हे ज्याने सव्वीस वर्षे लायसनचे आणि परमिटचे अर्ज लिहिले त्याला विचारायचे असते का? मी सांगितले, "पार्सलची गाडी आरटीओने अडवली आहे. कागदपत्रं अपुरी असतील. गाडी सुटली की माल मिळेल." आणि साडेतीन पानी अर्ज लिहिला : सदर वाहनात अर्जदाराचा आवाज अडकलेला असून वाहन त्वरित मुक्त करावे. ते वाक्य मला इतके आवडले की मी ते आत्मारामला दोनदा वाचून दाखवले. भोंगाभाऊंनी सही केली. अर्ज आरटीओच्या टपालात दिला, आवकचा शिक्का घेतला आणि त्यांना सांगितले, "आता आठ दिवस काही करायचं नाही. कागद बोलेल."

ते आठ दिवस त्यांनी माझ्या शब्दावर काढले. नवव्या दिवशी आम्ही चौकशीला गेलो. कार्यालयाबाहेर झाडाखाली बसलेल्या एजंटाने मोबाइल हातात घेतला आणि तो गुडघ्यावर थाप मारून हसू लागला. "ओ साहेब, हा आरटीओ तो नव्हे! रिटर्न टू ओरिजिन! माल जिथून निघाला तिथं परत गेला. तेव्हाच एक फोन केला असता तर थांबला असता. आता पोचला पण असेल." मग सोबत्यांना हाका मारून म्हणाला, "या रे, बघा, पार्सल सोडवायला आलेत!"

मी भोंगाभाऊंकडे पाहिले नाही. त्यांनी डायरीत लिहून पान माझ्यापुढे धरले : "चुकीच्या दारावर हाक मारली. पुन्हा मागवू." एवढेच. शिवी लिहिली असती तर मला सोपे गेले असते.

त्यांनी पुन्हा ऑर्डर दिली. या खेपेस मी स्वतः नंबरवर बोललो, गल्ली सांगितली, मारुतीचे मंदिर सांगितले. तोंडी. चार मिनिटे लागली.

यंत्र 'शिप्ड' असतानाच गावाहून निरोप आला. म्हातारीने जेवण सोडले होते. पुढचे मला वहिनीने सांगितले. भोंगाभाऊ तिच्या उशाशी बसले, हात हातात घेतला. ती म्हणाली, "उना का? बोल ना रे दादा. मी मन्हं बोलनं मांगे लिधं." बोललेले तिने मागे घेतले. वहिनीला राहवेना. ती खरे सांगायला पुढे सरकली, तर भोंगाभाऊंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. शाप खरा झाला हे कळून आई जाणार, की पोरगा रुसलेलाच राहिला असे समजून जाणार, एवढीच निवड त्यांच्या हाती उरली होती. त्यांनी दुसरे निवडले. म्हातारी पहाटे गेली. शेवटपर्यंत ती त्यांची समजूत काढत होती.

दिवसकार्य आटोपून ते धुळ्याला परतले त्या दुपारी शेरा आला : 'डिलिव्हर्ड'. पोचते झाले. खोके घेऊन ते सरळ माझ्या टेबलाशी आले. आत्माराम ग्लास विसळायचा थांबला. भोंगाभाऊंनी यंत्र फडक्याच्या वर गळ्याला लावले, एकदा जागा बदलली आणि पत्र्याच्या डब्यातून यावे तशा आवाजात, एकेक शब्द तोडून, विचारले :

"रायटरसाहेब, आता कोणाशी बोलू?"

मी म्हणालो, "माझ्याशी बोला ना, भाऊ."

त्यांनी यंत्र बंद केले आणि पुन्हा खोक्यात ठेवले. त्यानंतर त्यांनी ते वापरल्याचे कोणी ऐकले नाही. तूर शेंगेला आली तेव्हा दुखणे उलटले आणि ते गेले. अंत्ययात्रा पाचकंदिलावरून निघाली तेव्हा समोरून महासेलची रिक्षा आली. चालकाने वाट दिली, कार्ड बंद केले नाही. भोंगाभाऊ आपल्याच हाकेखालून गेले.

येणेप्रमाणे हकिकत खरी असून ती मी कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहिली आहे. वर गैरअर्जदाराची जागा कोरी ठेवली आहे, तेथे माझे नाव घ्यावे. शिक्षेबाबत माझे म्हणणे नाही.

सबब विनंती की, कै. भोंगाभाऊंनी मला विचारलेल्या उपरोक्त प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. ते ज्या कोणास ठाऊक असेल, त्याने मला कचेरीच्या आवारात, कामाच्या वेळेत, समक्ष येऊन द्यावे. लेखी नसले तरी चालेल. तोंडी द्यावे.