मीठ-मोहरी आणि माझे ट्रान्झिस्टर

माझ्या कामाला नजर लागते, हे आईला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. मुंबईतल्या एका संस्थेत मी ट्रान्झिस्टरवर संशोधन करते, आणि तेव्हा माझे ट्रान्झिस्टर म्हणजे लहरी कारभार. आज ज्या व्होल्टेजला चालू होतील, उद्या त्याला नाहीत. शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं, "आणखी एकच बॅच. नाही जमलं तर विषय बदल." तीन वर्षांची मेहनत पाण्यात! घरी येऊन मी ढसाढसा रडले.

आमचं घर मुंबईबाहेर उमेळे गावात, वाडीतच. चहूबाजूंनी इमारती आल्यात, थोड्या केळी तेवढ्या टिकून आहेत. महत्त्वाच्या दिवशी आई मला उंबऱ्यात थांबवून मीठ-मोहरी ओवाळायची आणि वर चिमूटभर खडेमीठ माझ्या रुमालाच्या टोकाला बांधायची. "अगं, मी पीएचडी करतेय!" मी चिडायचे. "म्हणूनच," ती म्हणायची. तिच्यापुढे कुणाचं चाललंय?

सरांच्या त्या बोलण्यानंतर मी वहीतल्या तारखा चाळल्या. सरावाच्या बॅच ठणठणीत, आणि महत्त्वाच्या तेवढ्या नेमक्या बिघडलेल्या. मिठातला सोडियम चिपवरच्या पातळ थरात शिरला की असंच होतं, हे माहीत होतं. पण चिप बनवायच्या त्या धूळमुक्त क्लीनरूममध्ये आम्ही नखशिखांत झाकलेले, तो येणार कुठून? विचार करता करता मी चष्मा पुसला. त्याच रुमालाने. आणि आत काम करताना घसरलेला चष्मा मी हातमोज्यानेच वर ढकलायचे! अरे देवा.

घरी सांगितलं तर आईचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे माझीच नजर लागली की गं तुला." चूक माझी, चष्मा मी पुसला, असं किती समजावलं, ऐकेल तर शपथ.

शेवटच्या बॅचच्या सकाळी ती उंबऱ्यात आलीच नाही. मी स्वयंपाकघरात पाया पडायला गेले, तर दोन पावलं मागे सरली. "हात नको लावूस. पिठात मीठ घातलंय आत्ताच." मला इतकं वाईट वाटलं! तशीच निघाले.

बॅच तयार झाल्यावर आठवडाभर रोज मापं घेतली. व्होल्टेज तसूभर हललं नाही. सर म्हणाले, "विषय हाच राहू दे."

बाहेर येऊन आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आता काढू का गं दृष्ट? आता तर खरंच लागेल."

"काढ," मी रडत रडत म्हटलं, "चांगल्या दोन मुठी मीठ घेऊन काढ. उद्या मला आत जायचं नाहीये."